वाढवलेलं हॉटेल

पुण्याहून लोणारला जाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते. दुसरबीडला स्टँडच्या जरा पुढं, कडुलिंबाखाली एक छान हॉटेल आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर गाडी थांबवू नका. ते आता नाही. तिथल्या वांग्याच्या भाजीची चव कशी होती हेही मला विचारू नका, कारण मी ती खाल्लीच नाही. ते लोक ताट वाढायला तयार होते आणि मी नको म्हटलं. त्या एका 'नको'ची आणि त्याच्या आधी मी जे काही बरळले त्याची चुटपुट अजून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचा बारा जणींचा भिशीचा गट आहे. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, सगळ्यांना गुडघे आणि सगळ्यांना मतं. मागच्या सहलीत एका रिसॉर्टवाल्यानं आम्हाला तीन दिवस एकच पनीर वेगवेगळ्या नावांनी खाऊ घातलं होतं, त्याचा राग सगळ्यांच्या पोटात होता. म्हणून लोणारचं ठरलं तेव्हा विद्या म्हणाली, "मंगल, तुझी नणंद तिकडंच असते ना? तू आधी जा आणि खाण्याच्या जागा हेरून ये. स्वस्त पाहिजेत. आणि जागेला जरा कॅरेक्टर पाहिजे."

"जागेचं कॅरेक्टर बघणाऱ्या आपण, आपलं कोण बघणार?" मी म्हटलं. पण आतून मला गुदगुल्या झाल्या होत्या. खायला जायचं आणि तेही काम म्हणून, असा योग माणसाच्या आयुष्यात किती वेळा येतो?

चिखली

माझी नणंद शोभा लग्न होऊन पुण्याहून चिखलीला गेली त्याला आता तीसेक वर्षं झाली. माझ्याशी ती पुणेरी बोलते, दारात भाजीवाली आली की एका श्वासात वऱ्हाडी होते. "काऊन वो, काल काऊन नाई आली?" असं तिनं खिडकीतून विचारलं की मला वाटतं घरात तिसरीच बाई आहे.

पहिल्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, "चिखलीत कॅफे आहे का गं एखादा?"

"आहेत ना. कॉलेजच्या रस्त्याला दोन-तीन झालेत. पण वहिनी, तिथं आपण..."

"आपण काय? कॉफी प्यायला वय लागतं का?"

तिचं 'पण' मी ऐकून घेतलं नाही. माझे यजमान माझ्याबद्दल नेहमी म्हणतात, उचलली जीभ लावली टाळ्याला. ते जिभेपुरतं आहे असं मला वाटायचं. ते कानांनाही लागू आहे हे या प्रवासात कळलं.

कॅफे पहिल्या मजल्यावर होता. काचेला काळी फिल्म, आत गुलाबी दिवे, आणि प्लायवूड ठोकून केलेले रेल्वेच्या डब्यासारखे कप्पे. प्रत्येक कप्प्याला पडदा. आम्ही दोघी साड्या सावरत आत शिरलो तसा गल्ल्यावरचा दाढीवाला मालक उठून उभाच राहिला. "मावशी, कोनाले पाहून राह्यल्या?"

"कुणाला नाही बाबा. कॉफी प्यायची आहे."

त्याचा विश्वास बसला नाही. पडदे हलले. तोंडाला स्कार्फ बांधलेली एक पोरगी आमच्या अंगाला अंग घासून जिन्याकडं पळाली, मागून दुसरी, मग माना खाली घातलेली दोन पोरं. आमची कॉफी येईपर्यंत अख्खा कॅफे रिकामा. मालक आमच्याकडं असा बघत होता की आम्ही त्याच्या धंद्यावर पाणी ओतलं. ओतलंच होतं म्हणा.

"वहिनी, चला आता," शोभा दात आवळून म्हणाली. "उद्या गावभर होईल, शोभाताई पोरी पकडत फिरतात."

जागेला कॅरेक्टर होतं. विद्याला हवं होतं तसलं नव्हे, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाजार समितीच्या बाजूच्या हॉटेलात गेलो. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या, आत माणसं दाटीवाटीनं बसलेली. आम्हाला पाहून एकानं 'फॅमिली रूम'कडं हात केला. ही रूम म्हणजे फळीच्या आड टाकलेलं एक टेबल. बायका दिसल्या की त्यांना तिकडं नेतात, आदरानं. आम्ही मात्र बाहेरच बाकावर बसलो. मी बटाटेवडा मागितला.

"बटाटेवडा नाई भेटत. आलुबोंडा हाय."

आलुबोंडा आला. बघते तर शंभर टक्के बटाटेवडा. "अहो, हाच की बटाटेवडा!"

"नाई वो ताई," तो दुखावून म्हणाला, "आलुबोंडा हाय हा." आणि त्यानं वरून लालभडक रस्सा असा ओतला की वडा बुडाला. सोबत पाव नाही, कच्चा कांदा. पहिल्या घासाला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं, तिसऱ्याला मला मान्य करावं लागलं की हा बटाटेवडा नव्हे.

तेव्हापासून मी इथले शब्द विचारायचा छंद लावून घेतला. हे काय, ते काय, याला काय म्हणता. लोक हसत, पण सांगत. अनोळखी शब्द आला की थांबून विचारावं, एवढी अक्कल मला होती, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

जानेफळ

शोभाच्या पुतण्याची नोकरी जानेफळला शाळेत. तो पंचशीलाताईंच्या मेसमध्ये जेवतो आणि घरी आला की आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो, अशी त्या मेसची ख्याती. शोभाला त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. मी एकटीच निघाले, आधी एसटी, मग जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी होती. ती कुणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पंचशीलाताई उंच, खणखणीत आवाजाच्या. नवरा गेल्यावर ही मेस सुरू केली. शिक्षक, बँकेतली माणसं, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळ्यांची पोटं यांच्या हातात. "जयभीम, या," म्हणाल्या आणि मी कोण, कुठली हे विचारायच्या आधी माझ्यासमोर ताट आलं होतं.

"ही भाजी कसली?"

"सोले-वांगे. तुरीचे ओले दाने वो, सोले. पुन्यात काय म्हन्ता?"

"पुण्यात आम्ही ते खातच नाही."

"मंग थंडीत खाता काय?" त्यांना खरोखरच काळजी वाटली. "थांबा, अजून एक भाकर टाकतो."

इथल्या बायका 'मी टाकतो, मी जातो' म्हणतात. पहिल्यांदा दचकायला होतं, मग गोड वाटायला लागतं. भाकरी तव्यावरून थेट ताटात, वर कच्चं तेल आणि तिखट. मी दोन खाल्ल्या. तिसरी नको नको म्हणताना पडली. चौथीला मी ताटावर हात आडवा धरला तर त्यांनी माझा हात बाजूला करून भाकरी ठेवली. "पाहुनी अर्धपोटी गेली तं माह्या मेसचं नाव जाईन."

आमच्याकडं आग्रह असतो, पण तो दोनदा करायचा आणि तिसऱ्यांदा सुटका करायची, असा अलिखित करार असतो. इथं सुटका नाही. मी तुडुंब जेवले. हे तुडुंब जेवणच पुढं नडलं.

बारा जणींचं काढलं तेव्हा त्या म्हणाल्या, अंगणात बसवीन, पण तुमची वाट इकडून नाही. "तुमी जालन्याकडून लोनारले जाल ना? मंग दुसरबीडले थांबा. हमीदचाचाचं हॉटेल हाय. चाची भट्टीच्या राखेत वांगं पुरून ठेवते अन् मंग त्याची भाजी करते. मी दोन खेपा पाहून आलो, मले नाई जमली."

एका स्वयंपाकीण बाईनं दुसरीबद्दल असं म्हणावं, म्हणजे झालंच. मी त्याच दुपारी मेहकरहून दुसरबीडची एसटी पकडली.

दुसरबीड

हॉटेल लांबूनच ओळखू आलं. कडुलिंब, त्याखाली दोन बाकडी, समोर मातीची मोठी भट्टी. भिंतीवर मोर रंगवलेला आरसा आणि आरशाशेजारी सुतळीला बांधलेला एक कंगवा. ट्रकवाले रात्रभर गाडी चालवून उतरले की इथं तोंड धुवायचे, भांग पाडायचे आणि मग माणसासारखे जेवायला बसायचे, असं हमीदचाचांनी सांगितलं. हमीदचाचा सत्तरीचे, पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी बाक आधी टॉवेलानं पुसला, मग हातानं चाचपून पाहिला आणि मग मला बसा म्हणाले.

मी जिंकले होते. विद्याला हवं असलेलं कॅरेक्टर इथं कंगव्यापर्यंत लोंबत होतं.

चहा आला, सुंठेचा, जाड काचेच्या ग्लासात. आतून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. पोटात पंचशीलाताईंच्या चार भाकरी. तेवढ्यात माझं लक्ष बाजूला गेलं. शेडचे पत्रे एकावर एक रचून ठेवले होते, शेजारी विटांचा ढीग. मी विचारलं, काय चाललंय?

चाचांनी भट्टीत एक काडी सारली. मग म्हणाले, "बरं झालं ताई, आज आल्या. परवा हॉटेल वाढवतो आमी."

"अरे वा!" मी जोरात म्हटलं.

"वा?"

"वा नाही तर काय! अहो, फार आधीच वाढवायला हवं होतं तुम्ही. एवढ्याशा जागेत किती वर्षं काढायची माणसानं?"

त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढून मांडीवर घेतला. आत वळून म्हणाले, "ऐकलं का? ह्या पुन्याच्या ताई म्हन्तात, आधीच वाढवाले पाह्यजे होतं."

चाची दारात आल्या. हात पिठाचे, डोक्यावरून ओढणी. माझ्याकडं टक लावून पाहिलं. "असं वाटलं तुमाले?"

"हो मग! या वयात एवढा निर्णय घेतलात, धाडसच आहे. मुलगा आहे ना पाठीशी?"

"पोरगाच म्हनते जालन्याहून," चाचा म्हणाले, "का अब्बा, वाढवून टाका म्हनून."

"शहाणा आहे मुलगा. ऐका त्याचं."

आता हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो. त्या वेळी मी चहा फुंकत होते आणि स्वतःवर खूश होते. चाची आत गेल्या. चाचा उठून भट्टीजवळ उकिडवे बसले आणि काडीनं राख सारखी करत म्हणाले, "जेवून जा ताई. चाचीनं वांगं लावलं हाय."

"नाही हो चाचा, आता घास उतरणार नाही. पुढच्या महिन्यात बारा जणींना घेऊन येते ना! तेव्हा वाढवलेल्या हॉटेलात जेवू."

त्यांनी मान वर केली. "वाढवल्यावर कसं काय जेवान, ताई?"

मला वाटलं, बिचारे, बांधकाम पुरं होईल का नाही याची काळजी करताहेत. "बसू की खाली सतरंजी टाकून! आम्हाला काय, पत्रे असले काय नि नसले काय."

चाचा हसले. ते हसणं कसलं होतं हे मी आजवर शंभरदा आठवून पाहिलं आहे. चहाचे पैसे घेतले नाहीत. "राहू द्या, आता काय," म्हणाले. एसटी आली, मी चढले आणि खिडकीतून हात हलवला. चाचांनीही हलवला. चाची बाहेर आल्या नाहीत.

तिथून मी लोणारला गेले, राहायच्या जागा पाहिल्या, सरोवर पाहिलं. सरोवराबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. जेवणाबद्दल मी एवढंच लिहीन की लोणारला दोन दिवस मी जे काही खाल्लं, ते खाताना मनात दुसरबीडचं वांगं होतं. विद्याला फोनवर सांगूनही टाकलं, "जागा मिळाली. आणि ऐक, ते लोक हॉटेल मोठं करताहेत!"

पुन्हा चिखली

चिखलीला परतले तेव्हा शोभा गवार मोडत बसली होती. मी सगळं रंगवून सांगितलं. कंगवा, मोराचा आरसा, सुंठेचा चहा. "आणि शोभा, बरं झालं बाई, हॉटेल वाढवताहेत ते. मी त्यांना म्हटलं, फार आधीच वाढवायला हवं होतं."

शोभाच्या हातातली गवार तशीच राहिली. "काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. शहाणा मुलगा, सतरंजी, सगळं. ती ऐकत गेली आणि तिचं तोंड उतरत गेलं.

"अहो वहिनी! वाढवणार म्हणजे बंद करणार ते! दुकान वाढवणं म्हणजे दुकान बंद करणं."

"काहीतरीच काय! तुमच्या वऱ्हाडीत असेल..."

"वऱ्हाडीत काय वऱ्हाडीत? तुमच्या पुण्याचंच आहे. आपल्या आई नाही का म्हणायच्या, दिवा वाढव गं? बांगडी फुटली तर फुटली म्हणायच्या का? वाढली म्हणायच्या. चाचा तर घरी उर्दू बोलत असतील, त्यातही दुकान बढाना म्हणजे हेच. बंद म्हणायचं नसतं वहिनी चालत्या दुकानाला, जिभेवर येऊ देत नाहीत."

मी खुर्चीत बसले. सासूबाईंचा आवाज कानात आला. देवापुढची समई मालवताना त्या मला सांगायच्या, "मंगल, समई वाढव आता." मी किती वेळा वाढवली होती ती समई, माझ्या या हातांनी. सासूबाई गेल्या, देवघरात छोटे विजेचे दिवे आले आणि शब्द कधी गेला ते कळलंही नाही. आम्ही आता सगळं बंदच करतो, आणि वर पाटीही लावतो.

सोले मी विचारून घेतले, आलुबोंडा विचारून घेतला. जो शब्द कळला आहे असं वाटतं, तो कोण विचारतो?

आणि मग एकेक वाक्य परत यायला लागलं. माझं हॉटेल मरतंय, असं एक म्हातारा माणूस मला सांगत होता आणि मी म्हटलं, अरे वा. फार आधीच मरायला हवं होतं. जेवून जा म्हणाले, तर म्हटलं, मेल्यावर येते. बारा जणींना घेऊन. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. चिखलीच्या त्या फरशीकडं मी खरंच तशी बघत होते.

"परवा म्हणाले होते," मी म्हटलं. "म्हणजे आजच."

"उद्या सकाळी जाऊ," शोभा म्हणाली. "एखादा दिवस इकडं तिकडं होतोच."

रात्री मी मनात वाक्यं जुळवली. चाचा, मला शब्द कळला नाही. चाचा, वाढवू नका. एवढं सोपं होतं. ते हसतील, चाचीही हसतील आणि आम्ही दोघी तिथं बसून वांगं खाऊ.

पुन्हा दुसरबीड

कडुलिंब होता. बाकडी नव्हती. आरशाच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग. सुतळी खिळ्याला होती, कंगवा नव्हता. भट्टी मात्र फोडली होती, आणि भाजलेल्या मातीचे काळे-तांबडे तुकडे तिथंच पडले होते.

शेजारी पंक्चरचं दुकान. तिथला सुधाकर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. शोभानं त्याला वऱ्हाडीत विचारलं, चाचा कुठी गेले?

"गेले वो काल दुपारी. पोराकडं, जालन्याले."

"एकदम?"

"एकदम कायचं! दोन महिन्यापासून परवा वाढवतो, परवा वाढवतो म्हनत होते. ट्रकं सारे नव्या रस्त्यानं जाऊन राह्यले ना, गिऱ्हाईक नाई राह्यलं. पोरगा फोन करून करून थकला. पन चाचाचा परवा काई येत नोता. शेडचे पत्रे काढले, अन् मंग ते बी परत लावाचं म्हनत होते. म्या म्हन्लं, चाचा आता अजून एक साल वढते." त्यानं ट्यूब पुसली. "मंग कोनी पुन्याची बाई आल्ती म्हने. तिनं सांगतलं, आधीच वाढवाले पाह्यजे होतं. चाचानं त्याच रात्री पोराले फोन केला, गाडी घेऊन ये म्हनून."

शोभानं माझा हात धरला. मी म्हटलं, "ती मीच."

सुधाकरनं माझ्याकडं पाहिलं आणि मग ट्यूबकडं. "असन," तो म्हणाला. "बोलून जाते मानूस."

मी त्याला सगळा घोटाळा सांगितला. तो चांगला माणूस, हसला नाही. हात पुसून त्यानं चाचांचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. फोन चाचींनी उचलला.

मी रडत होते का? हो, रडतच होते. चाची, मी मंगल, पुण्याची, त्या दिवशी आले होते ती. मला वाटलं तुम्ही हॉटेल मोठं करताय. मला तो शब्दच कळला नाही, चाची.

मग चाची हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकला थांबला तेव्हा हसणंही थांबलं होतं.

"या अल्ला! मोठं? या वयात?" मग म्हणाल्या, "मले तं लय राग आल्ता तुमचा. ह्यायले नाई आला. हे म्हने, बाकी सारे तोंडदेखलं हळहळतात, एक हेच बाई खरं बोलली."

"चाचांना फोन द्या ना. मला त्यांची माफी मागायची आहे. त्यांना सांगायचंय की मी तसं म्हणालेच नाही."

"नका सांगू."

"अहो, पण..."

"ऐका माह्यं. कालपासून इथी पोराच्या गॅलरीत बसून हायेत. कोनी इचारलं का चाचा, काऊन वाढवलं, तं तुमचंच सांगतात. पुन्याच्या बाई बी म्हने, आधीच वाढवाले पाह्यजे होतं. तेवढंच एक धरून बसले हायेत. ते बी काढून घेता का त्याइचं?"

मागं कुठंतरी टीव्ही चालू होता आणि चाचांचा आवाज आला, कोनाचा फोन हाय? चाची म्हणाल्या, "कोनी नाई, राँग नंबर."

मग फोन तोंडाजवळ धरून, हळू आवाजात, त्यांनी मला विचारलं, "भट्टी पाह्यली का तुमी? पुरी फोडली का?"

"हो," मी म्हटलं.

"मंग झालं." मग म्हणाल्या, "तुमचं वांगं राह्यलं, बाई. मी ताट काढून ठेवलं होतं, मले वाटलं बसतीन. इथी गॅसवर नाई होत ते."

पुढच्या महिन्यात

सहल झाली. सरोवर सगळ्यांना आवडलं. आलुबोंड्यानं विद्याला ठसका लागला आणि तिनं दुसरा मागितला, म्हणजे माझं हेरगिरीचं काम अगदीच वाया गेलं नाही. हे सगळं पुढचं. जे सांगायचं आहे ते जाताना घडलं.

जालन्यापर्यंत रेल्वेनं आलो होतो आणि तिथून मिनीबस केली होती. ड्रायव्हर तिकडचाच, अबोल. दुसरबीड आलं तशी मी खिडकीकडं पाठ करून बसले. पण विद्याची स्मरणशक्ती पक्की.

"मंगल, इथंच ना गं तुझं ते कंगव्यावालं हॉटेल? कुठंय?"

कडुलिंब समोर आला. त्याखाली कुणीतरी मोटारसायकल लावून फोनवर बोलत होता. मला त्यांना सगळं सांगता आलं असतं. महिनाभर मी ते गटात कुणालाच सांगितलं नव्हतं. बंद झालं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण त्या झाडासमोर तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

"वाढवलं त्यांनी," मी म्हटलं.

"अय्या, हो? अरे वा!" चार-पाच जणी एकदम म्हणाल्या. "बरं झालं बाई! मग थांबूया की!"

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं एकदा पाहिलं आणि गाडी तशीच पुढं नेली.